कोठडीत ताई बोलली ते

ताई, तुझ्या दहाव्याला नदीवर कावळा लगेच शिवला. पिंड ठेवून भटजी मागं सरकतात न सरकतात, तोच तो फांदीवरून उतरला आणि चोच मारून गेला. बायकांनी हात जोडले. "मनात काय ठेवून गेली नाय हो बाई," शेजारची काकू म्हणाली, "सगलं सुटलं तिचं." मी पदर तोंडाशी धरला. लोकांना वाटलं रडते आहे. मला ओरडून सांगावंसं वाटत होतं की त्या कावळ्याला काही कळत नाही.

तुझा भाऊ गुडघाभर पाण्यात उभा होता. कावळा शिवला असं सगळे म्हणाले तेव्हा त्यानं वळून बघितलं ते कावळ्याकडं नाही, माझ्याकडं.

लग्न होऊन कडावात आले तेव्हा मला तुझीच भीती वाटायची. नवऱ्याची मोठी बहीण, बिनलग्नाची, घरातच राहणारी. माझं एकदा ठरलेलं लग्न मोडलं होतं, वडील टेकीला आले होते, आणि तुझ्या भावाचं हे दुसरं. पहिली बायको सुमन विहिरीत पडून गेली, केस झाली, घरातले तिघं, म्हणजे तू, सासूबाई आणि तो, आत गेले आणि पुराव्याअभावी सुटले, एवढं वडिलांनी मला सांगितलं होतं. "कोर्टानं सोडलंय म्हंजे सोडलंय," ते म्हणाले. तुझं ठरलेलं लग्न त्या केसमध्ये मोडलं, हे मात्र मला आल्यावर कळलं, तेही गावातून. घरात सुमनचं नाव कुणी काढत नसे. तिचा एक फोटोसुद्धा नव्हता.

पहिले काही महिने मी तुला "तुमी" म्हणायचे. एकदा भाकऱ्या थापताना तू म्हणालीस, "मला तुमी नको बोलू गं. तुमी बोलले का मला कोर्टात उभं केल्यासारखं वाटतं." आणि हसलीस. मी नाही हसले. पण त्या दिवसापासून तू झालीस.

तरी माझा तुझ्यावर राग होता, ताई. तू मला सुटं सोडायची नाहीस. मी गोठ्यात गेले की तू गोठ्यात. मी मागच्या विहिरीवर गेले की तू कमरेवर हात ठेवून काठाशी. दिवस कलला की विहिरीवर जायचं नाही, हा तर तुझा कायदाच. तुझा भाऊ आवाज चढवून बोलला की तू मधल्या दारात येऊन उभी राहायचीस, तोंडातून अवाक्षर न काढता. तो बोलायचा थांबायचा आणि बाहेर निघून जायचा. मला वाटे, सासूनं तुला माझ्यावर पाळतीला ठेवलंय. सासूबाई गेल्या तरी तुझं हे चालूच. मी आईकडं तक्रार करायचे, की मला नवऱ्याबरोबर दोन घटका एकटं राहू देत नाही ही बाई. आई म्हणायची, बिनलग्नाची आहे, जळत असंल.

तू कुठंही जात नसायचीस. देवाला नाही, लग्नाला नाही, वस्तीला तर कधीच नाही. मी माहेरी निघाले की मात्र "चल, मी पन येते" म्हणून पिशवी भरायचीस. बचत गटाच्या बायकांनी एक दिवसाची सहल काढली तेव्हाही तू आधी मला विचारलंस, "तू जातेस का?" मी हो म्हटल्यावर तू नाव दिलंस. सहल कुठं आहे ते तू विचारलंच नाहीस. ते एकेक ठिकाण आल्यावर कळत गेलं.

आधी एक देऊळ, मग जेवण, आणि शेवटी चौक गावाच्या बाजूला तो जुना तुरुंग. इंग्रजांच्या वेळचा. घाटाच्या रस्त्याच्या कामाला आणलेले कैदी म्हणे त्यात कोंडायचे. इतकी वर्षं तिथं झाडं माजली होती, जनावरं बसायची. आता रंग काढला होता, तिकीट लावलं होतं, बाहेर वडापावची गाडी. शनिवार-रविवारी फार्म हाऊसवर येणारी मुंबईची मंडळी जाता-जाता बघून जातात. टेंपो ट्रॅव्हलर थांबला आणि पाटी वाचून गाडीतल्या जाणत्या बायका गप्प झाल्या. कुणीतरी म्हणालं, "ताई, तू बस गं गाडीत. काय बघायचंय भिंती." तू तोवर उतरली होतीस.

आत शिरल्या-शिरल्या कैद्यांचे पट्ट्यापट्ट्यांचे कपडे आणि टोप्या टांगल्या होत्या. घालायचे, हातात नंबरची पाटी धरायची, फोटो काढायचा. पोरं रील बनवत होती. आपल्या आळीतली नवी सून साक्षी, तिला कुणी काही सांगितलेलं नाही बिचारीला, ती टोपी घेऊन तुझ्याकडं धावत आली. "आत्या, तुमी घाला ना! लय भारी दिसंल!"

सगळ्या बायका खाली बघायला लागल्या. मी साक्षीचा हात धरला. पण तू टोपी घेतलीस. केसांवर नीट बसवलीस, पाटी छातीशी धरलीस आणि भिंतीला पाठ लावून उभी राहिलीस. हनुवटी वर, नजर समोर. साक्षीनं फोटो काढला. "झाला, आत्या!" ती म्हणाली. तू हलली नाहीस. पाटी तशीच धरून तू सावकाश बाजूला वळलीस, कान कॅमेऱ्याकडं. तुला कुणी सांगितलं नव्हतं. साक्षीला समजेना. मला समजलं. तसे दोन फोटो काढतात. एक समोरून, एक बाजूनं. तुझ्या अंगाला ते इतक्या वर्षांनीही आठवत होतं.

मग तू टोपी परत केलीस आणि त्या लांब ओळीतल्या शेवटच्या कोठडीत गेलीस. मी मागोमाग. बाहेर लख्ख ऊन होतं तरी आत डोळ्यांना काही दिसेना. भिंती ओल धरलेल्या. वर हात पोचणार नाही अशा उंचीवर एक झरोका. तू दारापासून लांबच्या कोपऱ्यात जाऊन गुडघे पोटाशी घेऊन बसलीस, साडी मळेल याची फिकीर नाही.

"ताई, ऊठ गं. चल बाहेर."

"बस," तू म्हणालीस. "नवीन आलेली बाई दाराशी बसते. तिला वाटतं, आता नाव घेतील, आता सोडतील. जुनी झाली की कोपऱ्यात येते."

मी बसले. फरशी गार होती. बाहेरून पोरांचं हसणं येत होतं, कुणी तरी दाराचे गज हलवून "मला सोडा, मला सोडा" असं ओरडत होतं. तू डोळे मिटले होतेस. मला वाटलं तुला चक्कर येते आहे. मी पाण्याची बाटली पुढं केली, ती तू घेतली नाहीस.

"तो माज्याबरोबर नव्हता," तू म्हणालीस.

"कोण?"

"भाऊ. मी पोलिसांना बोलली, आमी दोघं खल्यावर भात झोडीत होतो. कोर्टात पन तेच बोलली. नव्हता तो. पानी पिऊन येतो बोलला आन् घरी गेला. लय वेळ झाला. मी एकटीच झोडीत व्हती. मंग आला आन् गप झोडाया लागला. मी बोलली, अरं पानी प्यायला इतका वेळ? तो बोलला, ताई, मी कुटं गेलोच नाय."

मी झाकण फिरवून बाटली बंद केली.

"तवा मला काय ठावं नव्हतं," तू म्हणालीस. "विहिरीवर आरडाओरड नंतर झाली. म्हंजे त्यानं मला आदीच सांगितलं, का तो गेला नाय. समजतंय का तुला? आदीच."

एवढ्यात दारात एक कुटुंब आलं. बाई म्हणाली, "अय्या, यात माणसं बसलीयेत," आणि तिचा नवरा हसला. रखवालदार शिट्टी वाजवत आला, बंद करायची वेळ झाली, सगळ्यांनी बाहेर या. तू भिंतीला हात लावून उठलीस. तुझ्या हाताला चुना लागला होता, तो तू पदराला पुसलास. पाठीमागं त्यानं लोखंडी दार ओढलं, तो आवाज ऐकून तू दचकशील असं मला वाटलं होतं. तू दचकली नाहीस. मी दचकले.

परतीच्या गाडीत बायका गाणी म्हणत होत्या. मी तुझ्या शेजारी बसले होते आणि माझं डोकं मागं मागं चाललं होतं. विहिरीच्या काठावर कमरेवर हात ठेवून उभी असलेली तू. मधल्या दारातली तू. माझ्याबरोबर माहेरी येणारी तू. प्रीतीच्या वेळी मी पोटुशी होते तेव्हा रात्री माझ्या खोलीच्या उंबऱ्याशी आडवी पडणारी तू. मी तुला पाळत समजत होते, आणि तू एवढी वर्षं राखण करत होतीस. तुझा हात हातात घेतला तर तो थंडगार होता. "का गं नाही सांगितलंस?" मी विचारलं.

"सांगून काय केलं असतंस? पोर घेऊन कुटं गेली असतीस?"

"मग आता का सांगितलंस?"

तू खिडकीबाहेर बघत म्हणालीस, "मी त्याला कदी इचारलं नाय. मला धीर नाय झाला. आय होती, घर होतं. पन तुला इचारायचं असंल तर मी जित्ती हाय तवर इचार. मी समोर असताना इचार. नंतर नको."

त्यावरून आपला वाद सुरू झाला, ताई, आणि तो तसाच राहिला. मी म्हणायचे, प्रीतीचं लग्न ठरतंय, ते होऊ दे, मग त्याला विचारीन. तू म्हणायचीस, लग्न होऊ दे, मग निवांत बसशील, विचारायची नाहीस. लग्न झालं, ती नेरळला गेली, तर मी म्हणाले, भात कापून होऊ दे. कधी मला वाटे, काय कळायचंय आता, झालं-गेलं विहिरीत गेलं. तू चिडायचीस. "विहिरीत काय गेलं ते तुला बोलायला काय होतं," असं एकदा फटकन म्हणालीस आणि दिवसभर माझ्याशी बोलली नाहीस. मलाही राग आला होता. मी म्हटलं होतं, "तू खोटं बोललीस, आन् निस्तरू मी?" ते वाक्य मी परत घेतलेलं नाही. आजही घेत नाही. पण त्या संध्याकाळी तू माझ्यासाठी तांदळाची भाकरी केलीस आणि वर वालाची आमटी वाढलीस, आणि मी दुसऱ्यांदा मागितली, हेही खरं.

तुझं एक अंग गेलं त्या सकाळी मी दूध घालायला डेअरीत गेले होते. आले तर तू मोरीत पडलेली, तोंड वाकडं झालेलं. कर्जतला नेलं, तिथून पनवेलला. वाचा गेली होती, पण तुला सगळं समजत होतं, मी सांगते. मी जवळ असले की तुझा बरा हात माझं मनगट धरून ठेवायचा. आणि तुझा भाऊ आत आला की तू डोळे मिटायचीस. नर्स म्हणाली, "भाऊ किती करतो बहिणीचं, हलतच नाही जवळून." खरंच हलत नव्हता. मला म्हणायचा, "तू घरी जा, म्हशी बघ, मी हाय ताईपाशी." तू माझं मनगट सोडत नसायचीस. एकेक बोट सोडवून मला जावं लागायचं.

शेवटच्या दिवशी तू ओठ हलवत होतीस. मी कान नेला. नुसता वारा येत होता. "ताई, कळलं मला, कळलं," मी म्हणाले. मला काही कळलं नव्हतं. तुला धीर यावा म्हणून म्हणाले. तू मान हलवलीस, नाही अशी. एवढं मात्र स्पष्ट.

तेरावा झाला आणि पाहुणे गेले. प्रीतीला जावयांबरोबर जायचं होतं, तिचं नवं घर, नवी नोकरी. दारात ती म्हणाली, "आई, मी राहू का दोन दिवस?" मी म्हटलं, जा बाळा. ती गेली आणि त्या घरात लग्न होऊन आल्यापासून पहिल्यांदा मी आणि तो दोघंच उरलो. मधल्या दारात कुणी नव्हतं. मी ते दार सारखी बघत होते.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो म्हैस पिळत होता. मी पेंड कालवून आणली. त्यानं वर न बघता विचारलं, "त्या पोरीनं ग्रुपवर ताईचा फोटो टाकलाय. टोपी घातलेला. कुटला गं तो?"

साक्षीनं श्रद्धांजली म्हणून टाकला होता. तिला काय माहीत. मी सांगितलं, सहलीतला, जुन्या तुरुंगातला.

"तिथं तुला काय बोलली का ताई?"

माझ्या हातात घमेलं होतं. ते मी खाली ठेवलं. प्रीतीचं लग्न झालं होतं, भात कापून झालं होतं, तू गेली होतीस. थांबायला काही उरलं नव्हतं. "सुमनचं बोलली," मी म्हणाले. एवढ्या वर्षांत ते नाव मी त्याच्यासमोर पहिल्यांदा घेतलं.

बादलीत पडणाऱ्या धारेचा आवाज बंद झाला.

"ताई कोर्टात बोलली तेच खरं," तो म्हणाला. "बाकी म्हातारपनाचं."

"बाकीचं काय ते मी अजून सांगितलंच नाय."

तेव्हा त्यानं मान वर केली. त्याचा चेहरा रागाचा असता तर बरं झालं असतं. तो शांत होता. मला वरून खालपर्यंत बघितलं, जसं विकत घ्यायचं जनावर बघतात, आणि म्हणाला, "आता ताई नाय सांगायला." मग पुन्हा धार काढायला लागला. "चहा टाक," म्हणाला.

मी आत गेले आणि चहा टाकला, ताई. हात सवयीनं चालत होते. चहा उकळत होता तोवर मी पिशवीत दोन साड्या, औषधाच्या गोळ्या आणि फोनचा चार्जर भरला. कप ओट्यावर झाकून ठेवला आणि पुढच्या दारानं बाहेर पडले. डेअरीच्या टेंपोवाल्यानं कर्जतपर्यंत सोडलं. नेरळला प्रीतीकडंच निघाले होते. पण तिला काय सांगायचं? तिचा बाप आहे तो. तिच्या सासरच्या सोप्यावर बसून कुठल्या तोंडानं बोलायचं? स्टँडवर खोपोलीची एसटी लागली होती. तिच्यात चढून बसले, तोवर कुठं जायचं ते मला नीट कळलं नव्हतं.

सुमनचं माहेर खालापूरच्या पुढं एका वाडीत, एवढंच ऐकलेलं. विचारत-विचारत गेले. तिची आई अजून आहे. ओटीवर बसून वाल निवडत होती. "कोन गं?" तिनं विचारलं. मी सांगितलं, कडाववरून आले, सुमन होती त्या घरातून. तिच्या जागी आलेली मी.

तिचे हात सुपात थांबले. बाजूला सरकून तिनं मला जागा दिली. मी तुझे शब्द होते तसे सांगितले. पाणी प्यायला गेला. लय वेळानं आला. मी कुटं गेलोच नाय. म्हातारी ऐकत होती. शेवटी म्हणाली, "मला ठावं होतं. पन ते तुज्या नणंदेनं इतं येऊन सांगायला पायजे होतं. तिच्या तोंडून ऐकायला मी इतकी वर्सं जगली."

मी तुझी बाजू घेतली नाही, ताई. तू माझी राखण केलीस. तिच्या पोरीची नाही केलीस. दोन्ही खरं आहे आणि मला यातलं एकही कमी करता येत नाही. तुझ्यासाठी मी रडले ती तिथं, तिच्यासमोर, कार्यात कुठंच नाही. तिनं रडू दिलं.

दुपारी सुमनचा भाऊ कामावरून आला. तोही आता साठीकडं झुकलाय. त्यानं मला पुन्हा पहिल्यापासून सगळं सांगायला लावलं. एका वकिलाला विचारतो म्हणाला. एकदा सुटलेल्या माणसाचं, तेही मेलेल्या बाईच्या बोलण्यावर, काय होईल त्याला माहीत नाही. मलाही नाही. मी म्हटलं, विचारतील तिथं येऊन मी हेच सांगीन.

जेवून झाल्यावर मी उठले. म्हशी आहेत, संध्याकाळची धार आहे, असं काहीबाही म्हणाले. खरं सांगायचं तर दुसरं कुठं जायचं ते सुचत नव्हतं. म्हातारीनं माझ्या पिशवीकडं बघितलं.

"माजी सुमन पन अशीच आलती," ती म्हणाली. "झोडणीच्या आदी. अशीच पिशवी घेऊन. मला बोलली, आय, दोन दिस राहते. मी बोलली, कामाच्या दिसात घर सोडून कशाला आलीस? जेवू घातली, आन् तिच्या बापानं गाडीत बसवून दिली."

ती भिंतीला धरून उठली. माझी पिशवी उचलली, आत नेली आणि फळीवर तिच्या लुगड्यांच्या शेजारी ठेवली.

तिच्याच ओटीवर बसून हे लिहिते आहे. तुझ्या भावाचा फोन येतोय. थोड्या-थोड्या वेळानं, सारखा. मी स्क्रीनकडं बघत बसते. म्हातारी आतून म्हणते, "वाजू दे."